सासऱ्यांची नाणी मिस्टरांनी घासली, आता किंमत उरली का?

पत्र असं आहे:

"काका, सासरे गेल्यावर त्यांच्या कपाटात बिस्किटाच्या डब्यात नाणी सापडली, चाळीसेक चांदीचे रुपये आणि थोडी तांब्याची. दिवाळीच्या साफसफाईत मिस्टरांनी सगळी चिंच आणि टूथपेस्टने घासून चकचकीत केली. आता फोर्टमधला एक डीलर म्हणतो सगळी खराब झालीयेत, मोडीच्या भावात देत असाल तर घेतो. त्यात १९११ च्या एका रुपयाला कडी होती, ती काढल्याची खूण आहे. १९३९ चा एक रुपया आहे, त्याची कड कोणीतरी कानशीने घासलीय. एका मोगली रुपयावर टोचे मारलेत. शिवराईला भोक आहे आणि वर हिरवी पावडर आलीय. एका तांब्याच्या पैशाला तर मधोमध मोठं भोक आहे. दीर अमेरिकेत असतात, ते म्हणतात इकडे पाठव, ग्रेडिंग करून घेतो. नणंद म्हणतात विका आणि तीन हिस्से करा. मला मात्र आता त्यात गोडी वाटायला लागलीय, अशीच थोडी जमवावीत असं वाटतं. विकू का ठेवू? – बोरिवलीची वाचक"

ताई,

त्या डीलरला अजून हो म्हणू नका आणि नाहीसुद्धा म्हणू नका, विचार करून कळवते एवढंच सांगा. त्याने तुम्हाला दोन गोष्टी एका दमात सांगितल्या, एक म्हणजे नाणी खराब झालीयेत आणि दुसरी म्हणजे म्हणून सगळी मोडीच्या भावाची आहेत. पहिली खरी आहे. दुसरी तुमच्या डब्यातल्या बहुतेक नाण्यांना लागू पडते पण सगळ्यांना नाही, आणि जी चार-पाच त्यातून सुटतात ती त्याने बरोब्बर बघून ठेवली असणार हे मी पैजेवर सांगतो, माणूस धंद्याला बसलाय, त्याच्या डोळ्यांचा दोष नाही.

आता खरा मुद्दा. नाण्याला इजा झाली की किंमत किती पडते हे इजा केवढी यावर तर आहेच, पण त्याहून जास्त यावर आहे की तेच नाणं चांगल्या अवस्थेत बाजारात किती आरामात मिळतं. पंचम जॉर्जचा १९१८ चा रुपया घ्या. पहिल्या महायुद्धात इथे चांदीच्या रुपयांची एवढी ओढाताण झाली की अमेरिकेने त्या वर्षी पिटमन कायदा करून स्वतःच्या तिजोरीतले चांदीचे डॉलर वितळवायला काढले आणि २५ कोटींहून जास्त डॉलरांची चांदी ब्रिटिशांना विकली, ती इकडे रुपये पाडायला आली. त्यामुळे त्या दोन-तीन वर्षांचे रुपये आजही ढिगाने आहेत, आणि ज्याला सुंदर, न घासलेला रुपया थोडे जास्त पैसे टाकून कुठल्याही प्रदर्शनात मिळतो तो तुमचा ओरखडलेला कशाला घेईल? म्हणून त्याची किंमत उरते चांदीची. आता दुसरं टोक बघा. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचं १८७० चं तीन डॉलरचं सोन्याचं नाणं आहे, जमवणाऱ्यांच्या हाती लागेल असं एकच माहितीत आहे, आणि त्याच्या मागच्या बाजूला कोणीतरी ८९३ असा आकडा खरवडलेला आहे. २०२३ च्या जानेवारीत ते लिलावात ५५ लाख डॉलरच्या वर गेलं. ओरखडा बघून सोडून दिलं तर दुसरं आणणार कुठून! बाकी जगातली सगळी डॅमेज्ड नाणी या दोघांच्या मधे कुठेतरी बसतात आणि आपल्याला एवढंच शोधायचं असतं की आपलं नाणं कुठल्या टोकाच्या जवळ आहे.

म्हणून आधी तळाचा भाव स्वतः काढून ठेवा, म्हणजे कोणी फसवणार नाही. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा असायचा आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. झिजलेल्यात थोडी कमी. १९४० ते १९४५ चे सहाव्या जॉर्जचे रुपये वजनाला तेवढेच पण चांदी निम्मी, ५.८३ ग्रॅम, हे खूप लोकांना माहीत नसतं आणि दोन्ही एकाच ढिगात तोलून देतात. आणि १९४७ चा रुपया असेल, मागे वाघ असलेला, तर तो चांदीचा नाहीच, निकेलचा आहे, फ्रिजवरचं लोहचुंबक लावून बघा, चटकन चिकटेल. तर वर्षं लिहून तीन ढीग करा, त्या दिवशीचा चांदीचा भाव लावा, आणि मोडीचा भाव म्हणून डीलरने जो आकडा सांगितलाय तो निदान या हिशोबाच्या जवळपास तरी आहे का बघा. माझा अंदाज आहे की नसेल.

आता मिस्टरांच्या पराक्रमाकडे वळू. त्यांना अजून ओरडत असाल तर थांबा, कारण झालेलं नुकसान तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा बरंच कमी आहे. घासल्याने नाण्याचं जातं काय? टांकसाळीत ठसा दणकून बसतो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि त्याच्या अतिशय बारीक रेषा पृष्ठभागावर राहतात, कोरं नाणं दिव्याखाली फिरवलं की प्रकाशाचा पट्टा गोल फिरताना दिसतो तो त्या रेषांमुळे. जमवणारे पैसे मोजतात ते या चमकेचे. टूथपेस्टमधे खर असते, ती या रेषा खरवडून काढते आणि तिथे स्वतःचे ओरखडे सोडते, ज्याला बाजारात हेअरलाइन्स म्हणतात, आणि चिंचेचं आम्ल वरचा थर खाऊन टाकतं. मग नाणं चमकतं खरं, पण ती स्टीलच्या वाटीसारखी सगळीकडून सारखी, मेलेली चमक असते, आणि गंमत म्हणजे अक्षरांच्या खाचाखोचांत काळं तसंच राहतं, त्यावरूनच कुणीही जाणकार दोन सेकंदात ओळखतो. पण हे नुकसान मोठं कधी, तर नाणं मुळात कोरं किंवा जवळपास कोरं होतं तेव्हा. जो रुपया तीस-चाळीस वर्षं बाजारात फिरून राणीचं नाक सपाट करून आला त्याच्या अंगावर ती मूळ चमक उरलेलीच नव्हती, त्याला घासल्याने दर्जाच्या एखाद-दोन पायऱ्यांचा फरक पडतो. आणि जो चांदीच्याच भावाचा होता त्याचा तर काहीच पडत नाही, घासून चांदी थोडीच कमी होते, झाली तर मिलिग्रॅममधे. म्हणजे चाळीसातल्या बहुतेकांचं मिस्टरांनी काही बिघडवलंच नाही, कारण चांदीच्या भावावर मिळणारा, बिघडण्यासारखा प्रीमियम त्यांच्यावर नव्हताच. हे त्यांना आत्ताच सांगू नका, थोडे दिवस जाऊ दे.

फक्त इथून पुढे काही करू नका. सोडा आणि अॅल्युमिनियम फॉइलचे व्हिडिओ बघून उरलेली नाणी बुडवू नका. आणि उलट दिशेनेही उद्योग नको, म्हणजे उकडलेल्या अंड्याबरोबर डब्यात ठेवून किंवा गंधक वापरून पुन्हा काळपट करायचं वगैरे, तो रंग खोटा दिसतो आणि मग नाणं घासलेलं अधिक रंगवलेलं होतं. तशीच ठेवा. चांदी हवेत आपली आपण वर्षानुवर्षांत मंद पडते.

आता एकेक नाणं घेऊ.

मधोमध भोक असलेला तो तांब्याचा पैसा १९४३ ते १९४७ मधला असला तर ते भोक टांकसाळीनेच ठेवलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवायला असा पैसा काढला होता. घरातल्या वडीलधाऱ्यांना भोकाचा पैसा म्हटलं की लगेच आठवेल. तो डॅमेज्ड नाही, मात्र दुर्मिळही नाही, फार भाव येणार नाही. पण यातून एक सवय लावून घ्या, नाणं विचित्र दिसलं की आधी विचारा की हे टांकसाळीत झालं का बाहेर आल्यावर. टांकसाळीत झालेल्या चुकीला उलट जास्त पैसे मिळतात. ठसा मध्यावर न बसता एका बाजूला सरकलेला असतो, किंवा आधीचं नाणं ठशातच अडकून राहिल्यामुळे एका बाजूला चित्र नीट आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटं, आत खोल गेलेलं असतं, त्याला आपल्याकडे जमवणारे लखी म्हणतात. आणि बाहेर आल्यावर कुणी हातोडा मारला, व्हाइसमधे दाबलं, ट्रेनच्या रुळावर ठेवलं तर ते फक्त वाकलेलं नाणं. दुर्मिळ एरर म्हणून ऑनलाईन जे विकतात त्यातलं बरंचसं या दुसऱ्या जातीचं असतं.

मोगली रुपयावरचे टोचे. ते बघून वाईट वाटून घेऊ नका, ते सराफांचे आहेत. शे-दोनशे वर्षांपूर्वी रुपया हातोहात फिरायचा तेव्हा आत तांबं तर नाही ना हे बघायला सराफ बारीक छाप मारून ठेवायचे, एकेका रुपयावर चार-पाच छापही सापडतात. हाताने पाडलेल्या नाण्यांत जमवणारे याला फार नाक मुरडत नाहीत, टोचे नसलेला जास्त जातो हे खरं, पण तिथे बघतात ते टांकसाळीचं नाव आणि सन वाचता येतो का. छाप नेमका त्या अक्षरांवर बसला असेल तर भाव पडतो, रिकाम्या जागेत असेल तर थोडासाच. आणि एक बघा, तुमच्या रुपयावर शाह आलमचं नाव, टांकसाळ सुरत आणि सन ४६, म्हणजे त्याच्या राज्याचं ४६ वं वर्ष, असं असलं तर तो बहुधा मोगलांचा नाहीच, ईस्ट इंडिया कंपनीने सन ४६ तसाच गोठवून पुढे कित्येक वर्षं मुंबईत पाडलेला असू शकतो. नाव सुरतेचं, घडण मुंबईची. फारसी वाचणारं कुणी ओळखीत नसेल तर प्रदर्शनात कुणी ना कुणी वाचून देतं, त्याला पैसे पडत नाहीत.

शिवराई. श्री राजा शिव एका बाजूला आणि छत्रपती दुसऱ्या बाजूला, हे बघून आपल्या माणसांचा जीव भरून येतो आणि तिथेच लोक फसतात. शिवराई महाराजांच्या काळातच नाही तर नंतर छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही पाडली गेली, त्यामुळे अक्षरं तीच असली तरी प्रत्येक शिवराई राज्याभिषेकाच्या काळातली नसते, आणि भावात फरक पडतो तो यानेच. बाजारात सर्वात जास्त दिसते ती नंतरच्या काळातली, दुदांडी नावाच्या प्रकारची. तुमची कुठली आहे ते अक्षरांच्या वळणावरून, ओळी कशा मांडल्यात त्यावरून ठरेल. भोक बहुधा गळ्यात किंवा कमरेला बांधायला पाडलेलं असेल, आपल्याकडे तांब्याच्या पैशाला भोक पाडून पोराच्या करदोऱ्यात ओवायचे. नेहमीच्या दुदांडीला भोक असलं तर ती विकून काही मिळणार नाही, देव्हाऱ्यात ठेवा किंवा संग्रहात ठेवा. जुन्या, कमी मिळणाऱ्या प्रकारची निघाली तर भोकासकट गिऱ्हाईक आहे. भोक बुजवून घ्यायच्या भानगडीत मात्र पडू नका. सोनार छान बुजवून देतो, पण मग ते नाणं दुरुस्त केलेलं ठरतं आणि जो घेतो त्याला नंतर कळलं की तुमचं नाव खराब. नुसतं भोक असलेलं नाणं प्रामाणिक तरी असतं.

त्या हिरव्या पावडरीकडे मात्र आजच बघा, कारण तुमच्या डब्यात वेळेची घाई असलेली ही एकच गोष्ट आहे. तांब्यावरचा गुळगुळीत, घट्ट बसलेला हिरवा किंवा तपकिरी थर चांगला, तो राहू द्यायचा, तो धातूला सांभाळतो. पण फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी असेल तर आत क्लोराइड आहे आणि ते ओल मिळेल तसं नाणं आतून खात जातं. मिठाचा अंश असलेली समुद्राची हवा आणि आपला पावसाळा याला अगदी मानवतो, आणि मिस्टरांनी चिंचेत मीठ घातलं असेल तर अजूनच. ही शिवराई बाकीच्यांपासून वेगळी करा. लाकडी टूथपिकने सुटी भुकटी हलकेच काढा, धातूची सुई नको. मग डिस्टिल्ड वॉटरमधे बुडवून ठेवा, नळाचं पाणी नको कारण त्यात क्लोरिन असतं, बॅटरीच्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मिळतो. पाणी रोज बदला, काही आठवडे. नंतर शुद्ध अॅसिटोनमधून काढून पूर्ण वाळवा, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब, आणि अॅसिटोन म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर नाही, त्यात वास, रंग, तेल असतं. वाळल्यावर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डबीत ठेवा आणि महिन्याने बघा, पुन्हा भुकटी आली तर पुन्हा तेच. लिंबू, व्हिनेगर अजिबात नाही.

१९११ चा रुपया. हा जमवणाऱ्यांमधे डुकराचा रुपया म्हणून प्रसिद्ध आहे. पंचम जॉर्जच्या झग्यावर जी साखळी आहे तिच्यात एक हत्ती आहे, पण तो ठशात असा काही आला की सोंड आखूड आणि पाय बुटके, लोकांना तो डुक्कर वाटला, मुसलमान समाजात संताप झाला आणि सरकारला रुपया मागे घ्यावा लागला. ९४ लाख पाडले होते, त्यातले ७ लाखच बाहेर गेले होते, राहिलेले वितळवले. पुढच्या वर्षी हत्ती दुरुस्त करून नवा ठसा आला. आता ७ लाख म्हणजे अगदी दुर्मिळ नाही, पण हा रुपया सगळ्यांनाच हवा असतो म्हणून मागणी कायम. कडी काढलेल्या जागी सोल्डरचा राखाडी डाग किंवा कडेला खड्डा राहतो, त्याने भाव बराच पडतो, तरी चांदीच्या भावात हा देऊ नका. डाग घासून काढायला जाऊ नका. आणि भिंगाने बघा की हत्ती शाबूत आहे का, कारण हा रुपया लोक त्या हत्तीसाठीच घेतात, तो भाग घासून सपाट झाला असेल तर मग सांगायला गोष्ट उरते, दाखवायला हत्ती नाही.

आता १९३९. खरा निघाला तर तुमच्या डब्यातला राजा हाच, सहाव्या जॉर्जच्या रुपयांमधे हा सर्वात अवघड मिळणारा, आणि कडेला कानस मारलेला असला तरी घेणारे रांगेत उभे राहतील. म्हणूनच याच्या खोट्या प्रती भरपूर आहेत आणि १९३८ च्या ८ चा ९ करणारे कारागीरही आहेत. दोन तपासण्या घरी होतात. दहा पट भिंगाखाली तो शेवटचा ९ बघा, त्याच्या आजूबाजूची जमीन बाकी नाण्यापेक्षा वेगळी, खरवडल्यासारखी किंवा जास्त गुळगुळीत दिसते का, ९ ची जाडी पहिल्या ९ सारखीच आहे का, ३ च्या रेषेत बसतो का. दुसरी तपासणी धातूची. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या, नाणं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला लागणार नाही असं लटकवा. जो आकडा दिसेल त्याने कोरड्या वजनाला भागा. उत्तर १०.३ च्या आसपास आलं तर चांदी बरोबर आहे, ९.५ च्या आसपास आलं तर ती १९४० नंतरची निम्मी चांदी आहे आणि साल कोणीतरी बदललंय, त्याच्याही खूप खाली गेलं तर सरळ खोटं. कानशीने थोडी चांदी गेली असली तरी या भागाकाराला फरक पडत नाही, म्हणून नुसत्या वजनापेक्षा हे बरं. पण ३८ चा ३९ केला असेल तर धातू तोच, ही तपासणी पास होईल, तिथे भिंगच हवं. कानस कोणी मारली असेल तर बहुधा एखाद्या सराफानेच, आत चांदी आहे का बघायला.

दीरांचं ऐकू नका, मनापासून सांगतो. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यात शंभर वर्षं पूर्ण झालेलं कुठलंही नाणं पुरावशेषात मोडतं आणि खासगी माणसाने ते देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, कमीत कमी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि वर दंड. नाणं भोक पडलेलं आहे, फक्त ग्रेडिंगला जातंय, परत येणार आहे, असली कारणं कस्टमवाल्यासमोर चालत नाहीत. तुमचा मोगली रुपया, शिवराई, १९११ सगळे त्यात येतात. आणि तसंही ग्रेडिंगने तुम्हाला काय मिळणार? ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्या नाण्याच्या अवस्थेला जे १ ते ७० चे आकडे देतात ती पद्धत विल्यम शेल्डन नावाच्या माणसाने १९४९ मधे अमेरिकन तांब्याच्या सेंटसाठी काढली, पण घासलेल्या, भोकाच्या, कडी काढलेल्या नाण्याला सहसा आकडा मिळत नाही, डिटेल्स म्हणून शेरा मिळतो, म्हणजे झीज अमुक इतकी पण नाणं क्लीन्ड. हे तर तुम्हाला आत्ताच माहीत आहे. फी कशाला भरायची? अपवाद फक्त १९३९, आणि तोही खरा-खोटा याचा दाखला म्हणून, इथल्या इथे.

भाव कसा काढायचा तर ऑनलाईन जाहिरातीत मागितलेली किंमत बघू नका, मागायला कोणी काहीही मागतं. लिलाव करणाऱ्या कंपन्या जुन्या लिलावांचे निकाल वेबसाइटवर ठेवतात, त्यात तेच नाणं, तीच टांकसाळ, साधारण तसंच नुकसान असलेलं शोधा आणि प्रत्यक्ष कितीला गेलं ते बघा, त्यात खरेदीदाराचं कमिशन वेगळं असतं आणि विकणाऱ्याकडूनही काही टक्के कापतात हे धरा. ब्रिटिश रुपयांना टांकसाळ बघायला विसरू नका, पंचम जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला खाली फुलाजवळ बारीक, उठून आलेला ठिपका असेल तर मुंबई, नसेल तर कलकत्ता, काही वर्षांत एवढ्यावरून भाव बदलतो. मग मोगली, शिवराई, १९११ आणि १९३९ ही चार नाणी निदान तीन वेगवेगळ्या माणसांना दाखवा. आणि सोशल मीडियावर जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी रजिस्ट्रेशन फी भरा म्हणणारा भेटला की फोन ठेवा, रिझर्व्ह बँकेने २०२१ मधे जाहीर सांगितलंय की आमचं नाव आणि लोगो वापरून असं कमिशन, टॅक्स मागणारे आमचे कोणी नाहीत. डब्यात हनुमान किंवा रामदरबार छापलेलं, ईस्ट इंडिया कंपनी १८१८ लिहिलेलं काही असेल तर ते नाणंच नाही, कंपनीने असलं काही पाडलं नाही, तांदूळ खेचतं म्हणून कोणी करोडो सांगेल त्याला चहासुद्धा पाजू नका.

आता तुमची गोडी. डॅमेज्ड नाणी जमवावीत का? माझं मत, हो, आणि पगारदार माणसाने तर जरूर, कारण जी नाणी चांगल्या अवस्थेत आपल्याला जन्मात परवडणार नाहीत ती भोकासकट परवडतात. फक्त काही पथ्यं पाळा. साधं, सगळीकडे मिळणारं नाणं डॅमेज्ड कधीच घ्यायचं नाही, त्याचं चांगलंच थोड्या जास्तीत मिळतं. घ्यायचं तर असं की ज्याचं चांगलं बघायलाही मिळत नाही. नाव, साल, टांकसाळ वाचता आली पाहिजे, इजा मोकळ्या जागेत असेल तर उत्तम. सराफी छाप, जुनं भोक, कडीची खूण चालेल. चालू असलेला गंज नको, कोरून उठाव दिलेली अक्षरं नकोत, बुजवलेलं भोक नको, आणि घासलेलं नाणं न घासलेल्याच्या भावात तर मुळीच नको. चोर बाजारात मटण स्ट्रीटला जाऊन बघा, बघणं फुकट आहे, पण पहिलं वर्षभर तिथून दुर्मिळ म्हणून काही विकत घेऊ नका. त्याआधी फोर्टमधे सर पी. एम. रोडला अमर बिल्डिंगमधे रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं म्युझियम आहे ते आणि काळा घोड्याच्या वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन पाहून या, खरं नाणं कसं दिसतं ते एकदा डोळ्यात बसलं की खोटं आपोआप खटकतं. आणि हे परत विकायला वेळ लागतो, गिऱ्हाईक कमी असतात, म्हणून पोरांच्या फीचे पैसे यात घालायचे नाहीत.

ठेवायचं कसं हे मुंबईत जास्त महत्त्वाचं. फुटपाथवर मिळणारे मऊ, वास येणारे प्लास्टिकचे अल्बम पीव्हीसीचे असतात, काही वर्षांत त्यातून चिकट हिरवं सुटतं आणि नाण्याला लागतं, ते दिसलं तर अॅसिटोनने निघतं पण उशीर झाला की खाली खड्डे. मायलार नावाच्या पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असलेले पुठ्ठ्याचे होल्डर घ्या, स्टेपलरची पिन मारताना नाण्याला लागू देऊ नका. रबरबँड, वर्तमानपत्र, लाल मखमलीची डबी नको. हवाबंद डबा, सिलिका जेल, जूनच्या आधी जेल बदला. नाणं कडेने धरा आणि बिस्किटाचा डबा रिकामा करून बिस्किटांसाठी ठेवा.

नणंदेचं म्हणणं चूक नाही, त्यांच्या वडिलांची वस्तू आहे. पण हिस्से पैशांचे करायचे का नाण्यांचे हे विकायच्या आधी ठरवा. सगळ्या नाण्यांची यादी, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, वजन, असं तिघांना पाठवा. चांदीच्या भावाचे जे तीसेक रुपये आहेत ते सरळ समान वाटून टाका किंवा विका, त्यात कोणाचं नुकसान नाही. शिवराई, मोगली आणि १९११ तुम्हाला ठेवायचे असतील तर मिळालेल्या तीन किमतींची सरासरी धरून तुमच्या हिश्शात घ्या. १९३९ चा निकाल लागेपर्यंत त्याला वाटणीत घेऊ नका, त्याच्या ९ चा क्लोजअप बाजूने उजेड पाडून काढा आणि मला पाठवा, आणि फोर्टात पुन्हा जाल तेव्हा तो रुपया घरी ठेवून जा.